अहमदपूर कोणत्या जिल्ह्यात आहे?

प्रश्न तसा हजार रुपयांचा. अहमदपूर कोणत्या जिल्ह्यात आहे? अ) बीदर, ब) उस्मानाबाद, क) लातूर, ड) उदगीर. हॉट सीटवर नांदेड-लातूरकडचा कुणी बसला असेल तर चौथा पर्याय वाचून व्हायच्या आत ‘क’ म्हणून मोकळा होईल. पण हाच प्रश्न १९५५ साली विचारला असता तर ‘क’ म्हणणारा पहिल्याच पायरीवरून घरी गेला असता, कारण तेव्हा बरोबर उत्तर ‘अ’ होतं. १९७० साली ‘ब’. गाव तेच, बालाघाटाच्या डोंगराळ अंगावरचं, मन्याड नदीच्या मुलखातलं. चौथ्या पर्यायाची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी रात्री नऊ वाजता स्टार प्लसवर सुरू झालं. मूळ खेळ ब्रिटनचा, सप्टेंबर १९९८ मधला. पण अमिताभ बच्चन यांनी ‘लॉक किया जाए’ म्हटल्यावर तो कुणाला परका वाटेना. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत तेव्हा केबलचं जाळं पसरत होतं. लोडशेडिंगनं साथ दिली तर नऊच्या ठोक्याला घरोघर एक दुसरा खेळ सुरू व्हायचा: टीव्हीतल्या माणसाआधी उत्तर कोण देतो. सिनेमाचं गाणं घरातल्या बायका सांगायच्या, क्रिकेट पोरांच्या वाट्याला, रामायण-महाभारत आजोबांच्या. भूगोलाचा प्रश्न आला की सगळ्यांचाच आवाज खाली यायचा. पडद्यावरचा स्पर्धकही त्याच वेळी पाण्याच्या ग्लासाला हात घालायचा आणि मग प्रेक्षकांकडे वळायचा. ज्यांनी हा खेळ नेमानं पाहिला आहे त्यांना हे दृश्य नवं नाही.

ही फजिती आपल्याकडचीच आहे असंही नाही. २०१८ साली तुर्कस्तानातल्या याच खेळात एका तरुण पदवीधर मुलीला विचारलं होतं, चीनची भिंत कोणत्या देशात आहे? प्रश्नातच उत्तर बसलेलं. तिनं प्रेक्षकांची मदत घेतली. त्यांतल्या ५१ टक्क्यांनी चीन सांगितलं, म्हणजे निम्म्या सभागृहाला दुसरंच काही वाटत होतं. एवढ्यावर तिचा भरवसा बसेना, म्हणून मैत्रीण गाठून फोन लावला. फ्रान्समध्ये याहून मोठी गंमत घडली. पृथ्वीभोवती काय फिरतं, या प्रश्नावर स्पर्धकानं प्रेक्षकांना कौल लावला आणि ५६ टक्के प्रेक्षकांनी सूर्य निवडला. कोपर्निकस युरोपातला, हे तिथल्या लोकांना आठवलं नसावं. २००७ साली अमेरिकेत शाळकरी मुलांशी सामना असलेल्या एका कार्यक्रमात केली पिकलर या गायिकेला बुडापेस्ट कोणत्या देशाची राजधानी, असं विचारलं, तर तिनं सरळ सांगून टाकलं की तिला युरोप हाच देश वाटत होता.

अशा चित्रफिती फिरतात, लोक हसतात, शाळांच्या नावानं बोटं मोडतात. हसण्याआधी जरा अहमदपूरच्या बाजूनं पाहावं. इथं भूगोल कुणी, कोणत्या भाषेत आणि कशासाठी शिकला, याचा इतिहास पाहिला की खुर्चीतल्या माणसाचा घाम तितकासा हास्यास्पद वाटत नाही.

भाषेपासून सुरुवात करू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अहमदपूरचं जुनं नाव राजूर, असं गावात सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही बीदर जिल्ह्यात राजुरा नावाचा तालुका दिसतो. जिल्ह्याचा कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार. सरकारी कारभार उर्दूत, वरच्या वर्गांतलं शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर अख्खं उर्दू माध्यमाचं. त्यासाठी पाठ्यपुस्तकांची भाषांतरं करणारं वेगळं खातंच हैदराबादेत उघडलं होतं. घरात मराठी बोलणारा पोरगा शाळेत भूगोल शिकायचा तो ‘जुगराफिया’ म्हणून. उत्तर-दक्षिण म्हणजे शुमाल आणि जुनूब, पूर्व-पश्चिम म्हणजे मशरिक आणि मगरिब. बेट म्हणजे जजीरा, द्वीपकल्प म्हणजे जजीरानुमा, सामुद्रधुनी म्हणजे आबनाए. विषुववृत्ताला खत-ए-इस्तवा. मराठीतून शिकायचं तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी अशा मोजक्या ठिकाणी जावं लागे, आणि ते सगळ्यांना परवडण्यासारखं नव्हतं. सरकारची त्या शाळांवर नजर असायची ती वेगळीच.

मग संस्थान गेलं, भाषा पालटली. ज्यानं पाचवी-सहावीपर्यंत जुगराफिया घोकला होता त्याच्यापुढं ‘भूगोल’ आला. समुद्र तोच, वाळवंट तेच, नावं मात्र पहिल्यापासून पाठ करायची.

आता पन्नास-साठ वर्षं पुढं येऊ. याच मुलखातला एखादा मराठी माध्यमाचा पोरगा हिंदी करोडपतीच्या खुर्चीत बसला आहे असं धरा. पडद्यावर प्रश्न येतो: ‘इनमें से कौन-सा देश भूमध्य रेखा पर है?’ मराठी शाळेत भूमध्य म्हणजे समुद्र, युरोप आणि आफ्रिकेच्या मधला. हिंदीत भूमध्य रेखा म्हणजे आपलं विषुववृत्त. घड्याळ पळतंय आणि पोरगा मनात इटली-ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरलेला. हिंदीत ‘देशांतर’ म्हणजे रेखांश. मराठीत देशांतर करतो तो पोटासाठी मुलूख सोडणारा माणूस. ‘कर्क रेखा’ अंदाजानं कळते, ‘ज्वार-भाटा’ म्हणजे भरती-ओहोटी हे एखादा ओळखेल, पण ‘जलडमरूमध्य’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तर माणूस शंकराच्या डमरूचाच विचार करत बसेल. वास्तविक शब्द मोठा देखणा आहे. दोन समुद्रांमधली चिंचोळी वाट डमरूच्या कमरेसारखी असते. आपल्या ‘सामुद्रधुनी’त ते चित्र नाही.

सगळ्यांत मोठा चकवा खाडीचा. ‘बंगाल की खाड़ी’ हे हिंदीत रोजच्या बातम्यांतलं नाव. मराठीत खाडी म्हणजे ठाण्याची, वसईची, वाशीची. आत शिरलेलं खारं पाणी, ज्यावर पूल बांधता येतो. बंगालचा तो उपसागर. एकाच लिपीत लिहिलेल्या, एकाच संस्कृत खाणीतून दगड काढलेल्या या दोन भाषांनी भूगोलापुरता संसार वेगळा थाटला, याचं कारण परिभाषा घडवणारी घरं वेगळी. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झालं आणि मराठी परिभाषेचं काम तिकडं चाललं. हिंदीचा आयोग दिल्लीत १९६१ साली बसला. दोन्हीकडच्या पंडितांनी आपापलं काम चोख केलं. मधल्या मध्ये अडकला तो लातूरहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला चित्रीकरणाला आलेला माणूस.

ही अडचण मराठीतल्या खेळानं कमी केली. २०१३ साली ई-टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ सुरू केलं. पुढं स्वप्नील जोशी आले, २०१९ मध्ये सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’च्या खुर्चीसमोर नागराज मंजुळे बसले, नंतर पुन्हा खेडेकर. प्रश्नात उपसागर उपसागरच राहिला. तरी स्पर्धक भूगोलावर अडायचे ते अडायचेच. म्हणजे भाषा हे एक कारण झालं, एकमेव नव्हे.

दुसरं कारण अहमदपूरच्या पत्त्यात आहे. १९४० साली इथं जन्मलेला आणि कधीच गाव न सोडलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. जन्मला तो हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात. आठ वर्षांचा असताना संस्थान भारतात आलं आणि तो हैदराबाद राज्याचा रहिवासी झाला. सोळाव्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भाषावार प्रांतरचनेनं बीदर जिल्ह्याचे तीन वाटे केले. राज्य पुनर्रचना कायद्यानं अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन मराठी तालुके मुंबई राज्याकडे दिले. झहीराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. खुद्द बीदर शहर म्हैसूरकडे. अहमदपूरचा जिल्हा झाला उस्मानाबाद. १ मे १९६० ला राज्याचं नाव महाराष्ट्र झालं तेव्हा तो विशीत होता. बेचाळीस वर्षांचा असताना, १६ ऑगस्ट १९८२ ला, उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि अहमदपूर त्यात आलं. चार राज्यं, तीन जिल्हे, आणि माणूस आपल्या ओट्यावरून उठलेला नाही.

राज्य पुनर्रचनेच्या त्याच कायद्यात अहमदपूरच्या जुन्या नावाशी जुळणारा आणखी एक राजुरा आहे, आदिलाबाद जिल्ह्यातला, तोही १९५६ मध्ये मुंबई राज्याच्या वाट्याला आला आणि पुढं चंद्रपूर जिल्ह्यात गेला. जालन्याकडचं राजूर गणपतीचं. जुने दस्त शोधणाऱ्यानं यांतलं कोणतं राजूर आपलं, ते आधी ठरवावं.

पत्ता एवढ्यावर थांबला नाही. पुढं अहमदपूरच्या शेजारी चाकूर हा नवा तालुका झाला, १९९९ मध्ये जळकोटचा. ज्या गावांचे लोक तहसीलच्या कामाला अहमदपूरला यायचे त्यांतले कित्येक दुसऱ्या वाटेला लागले. सोबतीला नावांचे बदल. उस्मानाबाद हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं, त्याआधी गाव धाराशिव होतं. २०२३ मध्ये ते पुन्हा धाराशिव झालं. त्यामुळं एक चमत्कारिक वस्तुस्थिती तयार झाली आहे: अहमदपूर सव्वीस वर्षं उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, धाराशिव जिल्ह्यात एक दिवसही नव्हतं. प्रश्न काढणाऱ्यानं पर्यायांत ‘धाराशिव’ टाकलं तर त्यावरून वाद घालता येईल आणि दोन्ही बाजू कागद दाखवतील. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर १४ जानेवारी १९९४ ला झालं आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं दुसरं विद्यापीठ निघालं. सामान्यज्ञानाचं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक मराठवाड्यात रद्दीच्या भावानं विकतात, त्यात नवल नाही.

शाळेनं हे सगळं कसं पेललं?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक भूगोलाची रचना मुळात सुंदर आहे. १९६७ साली ‘बालभारती’ स्थापन झाली. तिसरीला आपला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, मग भारत, मग जग. ओट्यावरून अंगणात, अंगणातून वेशीबाहेर. तिसरीचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं, म्हणजे लातूरच्या पोराच्या पुस्तकात मांजरा, तेरणा, तावरजा, मन्याड, आणि सिंधुदुर्गाच्या पोराच्या पुस्तकात खाड्या आणि माड. इतकं विचारपूर्वक केलेलं काम सरकारी पुस्तकांत क्वचित सापडतं. पण वेशीबाहेर पडल्यावर गोष्ट बदलते. पाचवी-सहावीपासून भूगोल म्हणजे ‘भौगोलिक कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘दिलेल्या नकाशात पुढील बाबी दाखवा’. प्लॅस्टिकच्या साच्यातून काढलेला भारत, किनाऱ्याबाहेर निळ्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा, खाली सूची. नकाशाचे गुण हुकमी, म्हणून सरावाच्या नकाशातच पोरं हिराकुड, भिलाई, कांडला ठिपक्यांनिशी पाठ करून ठेवायची. ठिपका कुठं द्यायचा ते हाताला ठाऊक, तिथं आहे काय ते डोक्याला नाही.

दहावीला इतिहासाला ४०, भूगोलाला ४०. त्यानंतर विज्ञान शाखा घेतली की भूगोल कायमचा सुटला. आणि लातूर जिल्ह्यात विज्ञान न घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’नं नव्वदच्या दशकापासून इथल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याबद्दल उपकारच मानले पाहिजेत. मात्र त्या पॅटर्नमध्ये पृथ्वी ही भौतिकशास्त्रातली गोलाकार वस्तू आहे. तिच्यावर देश असतात हे सोळाव्या वर्षानंतर कुणी विचारत नाही. जो विज्ञानाला गेला नाही आणि पुण्यात खोली घेऊन एमपीएससीला बसला, त्यालाच भूगोल पुन्हा भेटतो. सवदींचं ‘मेगा स्टेट महाराष्ट्र’ उशाशी असतं. हरिश्चंद्र-बालाघाटाच्या रांगा, गोदावरीच्या उजव्या आणि डाव्या तीरावरच्या उपनद्या, लांबीनुसार, उगमानुसार, क्रमानं.

असाच अभ्यास करणारा एक मराठी तरुण या खेळाचा पहिला करोडपती ठरला. हर्षवर्धन नवाथे, मुंबईचा, यूपीएससीची तयारी करत असलेला. ऑक्टोबर २००० मध्ये त्याच्या त्या भागानं महाराष्ट्रभर रस्ते ओस पडले. त्याला कोटीचा प्रश्न राज्यघटनेवर आला. भूगोलावर आला असता तर काय झालं असतं, यावर तेव्हा पैजा लागल्या असतील. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ मध्ये कोटीपर्यंत पोहोचल्या; शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, महिना दीड हजार मानधनावर. वाचनाच्या बळावर त्या तिथं गेल्या होत्या.

भूगोल कोटीच्या पलीकडच्या पायरीवर उभा असतो याचं खरं उदाहरण मात्र बिहारमधलं. २०११ साली मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले. शेवटचा प्रश्न होता: १६ ऑक्टोबर १८६८ ला निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून भारतातून कोणती वसाहतवादी सत्ता बाहेर पडली? उत्तर डेन्मार्क. निकोबार नकाशात भरताना कुठल्याही शाळेत डेन्मार्कचं नाव निघत नाही. ठिपका द्यायचा आणि पुढं जायचं.

खेळातली आणखी एक जागा भूगोलाला फार प्रिय: ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’. चार शहरं द्यायची आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे लावायला सांगायची. दिसायला पोरखेळ. आपल्या भागातलाच नमुना घ्या: सोलापूर, बीदर, नांदेड, लातूर. क्रम नांदेड, लातूर, बीदर, सोलापूर. इथला माणूस हे एसटीच्या अनुभवावर लावेल, तरी बीदर आणि सोलापूर यांच्यात अडेल, कारण बीदर त्याच्या मनात ‘तिकडं’, पूर्वेला आहे आणि सोलापूर ‘खाली’. आता यात मुंबई टाकली की बरेच जण फसतील. मुंबई मनातल्या नकाशात वर, डाव्या कोपऱ्यात. नांदेड आत, उजवीकडे, म्हणून खाली. प्रत्यक्षात नांदेड एकोणीस अंशांच्या पुढं आहे, मुंबईच्या किंचित उत्तरेला. नागपूर आणि सुरत जवळपास एकाच अक्षांशावर बसतात, हे सांगितलं तरी माणूस आधी नकाशा मागतो. लहानपणी ‘नाव-गाव-फळ-फूल’ खेळताना आपण ‘गाव’ लिहितो ते अक्षरावरून. ‘अ’वरून अकोला, अमरावती, अहमदपूर. गाव असतं कुठं, याला त्या खेळात गुण नाहीत.

गंमत अशी की नकाशा मोजण्याचं जगातलं एक मोठं काम या माणसांच्या उंबऱ्याजवळून गेलं आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, त्याला उचलणारी माणसं, टेकडी-टेकडीवर मनोरे, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी त्रिकोणांची माळ. ती माळ कन्याकुमारीच्या टोकापासून निजामाच्या मुलखातून, बीदरजवळच्या दामरगिद्दा या ठाण्यावरून वर वऱ्हाडाकडे गेली. अहमदपूरपासून ही माळ पूर्वेला सरळ रेषेत पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. लॅम्बटन नागपूरकडे निघाले असताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथंच आहे. काम पुढं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. त्याच त्रिकोणांच्या आधारानं हिमालयाची शिखरं मोजली, राधानाथ सिकदार यांनी आकडेमोड केली, आणि १८५६ मध्ये ‘शिखर क्रमांक पंधरा’ची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. एव्हरेस्ट शिखराला नाव कुणावरून पडलं, हा प्रश्न टीव्हीवर कितीदा येऊन गेला असेल. बीदरचा उल्लेख त्यात कधी येत नाही.

उलट ज्या भूगोलाची पाठ्यपुस्तकांनी खात्री दिली होती तो इथं पायाखालून सरकला. दख्खनचं पठार म्हणजे प्राचीन, कठीण, स्थिर भूभाग, हे वाक्य दोन-तीन पिढ्यांनी परीक्षेत लिहून गुण मिळवले. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले असताना, चार वाजायच्या सुमारास किल्लारी हादरली. अहमदपूर तिथून सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटर. इथंही लोक अंथरुणं घेऊन रस्त्यावर आले. औसा आणि उमरगा तालुक्यांतल्या दगड-मातीच्या, माळवदाच्या घरांखाली हजारो माणसं गाडली गेली. २००२ मध्ये देशाचा भूकंपाचा नकाशा नव्यानं काढला तेव्हा तो पहिला पट्टा काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. सप्टेंबर १९९३ पूर्वीच्या उत्तरपत्रिकांतलं बरोबर उत्तर त्यानंतर चूक ठरलं.

नद्यांचंही तसंच. महाराष्ट्राच्या पठारावरच्या नद्या पूर्वेकडे वाहतात, हे वाक्य मांजरेला पुरतं लागू पडत नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या डोंगरात उगम, लातूर-बीदरमधून पूर्वेकडे, तेलंगणात गेली की उत्तरेकडे वळण, आणि पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेवर येऊन गोदावरीला. अहमदपूरकडची मन्याड हिलाच मिळते. एवढं वळण घेणारी ही नदी २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला कोरडी पडली. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ गाडी निघाली, दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात आलं. खोरं म्हणजे काय, हे त्या महिन्यात लातूरमध्ये कुणाला पाठ करावं लागलं नाही.

रेल्वेवरून आठवलं. अहमदपूरला रेल्वे नाही. लातूर रोडहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या मार्गाची मागणी इथल्या लोकांना तोंडपाठ आहे. पण ‘अहमदपूर’ नावाचं रेल्वे स्थानक भारतात आहे: पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात. शोधयंत्रात नुसतं अहमदपूर घातलं की ते डोकावतं. आणखी दोन अहमदपूर पाकिस्तानच्या पंजाबात, एक ‘सियाल’ आणि एक ‘शर्किया’. शर्किया म्हणजे पूर्वेकडचं. जुगराफिया शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं. मशरिक त्याच्या जिभेवर होतं.

२०२० च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू असताना कोरोना आला. एकच विषय उरला होता. भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो आधी पुढं ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवर भूगोलाचे गुण मिळाले. अहमदपूर ज्यात येतं त्या लातूर विभागीय मंडळाचीच नव्हे, अख्ख्या राज्याची ती तुकडी भूगोलाचा पेपर न देता दहावी झाली. पुढच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही. ती पोरं आता विशीत आहेत, म्हणजे खुर्चीत बसायच्या वयाची.

राहता राहिला पर्याय ‘ड’. उदगीर जिल्ह्याची मागणी जुनी आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला जिथं हरवलं ते हे उदगीर, किल्ल्याचं गाव. आपण तालुक्यापुरतं राहावं, हे उदगीरकरांना कधी पटलं नाही. नव्या जिल्ह्यात कोणते तालुके घालायचे, या चर्चेत अहमदपूरचं नाव येतं, आणि मग अहमदपुरात ‘आम्ही लातूरलाच बरे’ म्हणणारे आणि ‘उदगीर जवळ पडेल’ म्हणणारे चहाच्या टपरीवर भिडतात. जानेवारी २०२५ मध्ये २१ नव्या जिल्ह्यांची एक यादी मोबाइलवर फिरली, तीत उदगीर होतं, मुहूर्त २६ जानेवारीचा दिला होता. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली. जिल्हा काही झाला नाही. तूर्त उत्तर ‘क’च लॉक करावं.